डाव्या पायातलं जाळं

४ जानेवारी, शनिवार

ही डायरी रवींच्या कंपनीची. रवी म्हणजे आमचे जावई, अंबडला नोकरीला. पानोपानी वर एक सुविचार छापलाय, इंग्रजीत, त्यामुळे मला त्याचा काही त्रास नाही. अंजली म्हणाली, "आई, तुला दिवसभर बोलायला कुणीतरी लागतं. मला झोपू दे, तू यात बोल." म्हणून बसले. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही निम्मी शेळ्यांमागे. जोडाक्षर चुकलं तर चुकलं, मारायला मास्तर आता उरले नाहीत.

तर सांगायची गोष्ट अशी की मी आजी झाले. अंजलीच्या लग्नाला नऊ वर्षं होऊन गेली, बायका मला पाहून विषय बदलायच्या, आणि आता बघा म्हणावं. मुलगी झाली. सिझर करावं लागलं, पण पोरगी अशी की जसा बोंडातून आत्ताच काढलेला सरकीसकट कापूस. नाक आमच्या घराण्याचं, बसकं. रवींची आई नाक बघून गप्प बसली. मला कळलं. मीही गप्प बसले, पण आतून हसत होते.

आज दवाखान्यातून उपनगरला, आमच्या कॉलनीत, घरी आणली. यांनी (अंजलीचे वडील, निवृत्ती, तोंडाने नाव घेत नाही पण लिहायला काय जातंय) दारातच त्रिशरण म्हटलं आणि चपला तशाच घालून आत आले, इतके भांबावले.

निघताना डॉक्टर मॅडम म्हणाल्या, भरपूर पाणी पाजा, चालायला लावा, टाके कोरडे ठेवा, ताप आला तर लगेच आणा. मी सगळ्याला हो म्हटलं. मॅडम हुशार आहेत, पण पोरसवदा. बाळंतपण त्यांनी कापून पाहिलंय, चोळून पाहिलेलं नाही.

६ जानेवारी, सोमवार

आमच्यात पाचवी पुजत नाहीत. सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा सटवाईसकट सगळे देवांचे टाक गोदावरीत सोडले. पण तेल आणि शेक हा काही देव नाही, तो मी सोडलेला नाही.

खिडकीशी बाज टाकलीय, खाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशेपा. सव्वा महिना बाजेवरून पाय खाली नाही, मोरीपुरता काय तो. पाणी घोटभर, उकळलेलं. बाळंतिणीने तहान मारायची असते, नाहीतर पोट सुटतं. अंजली म्हणाली, "आई, मॅडम तर म्हणाल्या..." मी म्हटलं, "मॅडमला सांगायचं, पितेय." हसली बिचारी. लहानपणापासून गुणाची.

कॉलनीतल्या निम्म्या पोरी या हातांखालून गेल्यात. शेजारच्या साळूबाईच्या दोन्ही सुना मीच चोळून उभ्या केल्या. साळूबाई म्हणते, "सुलाबाई, तुझ्या हातांना डोळे हायेत." असतील. तिळाचं तेल कोमट करायचं, तळव्यापासून मांडीकडे रेटत न्यायचं, म्हणजे अंगात शिरलेला वारा वर निघून जातो. मला हे कुणी शिकवलं नाही. माझी आई माझ्या थोरल्या बहिणीला चोळायची ते बघून आलं.

आज पोरीने माझं बोट धरलं आणि सोडेचना. मी तासभर तशीच बसले. डाळ करपली. यांनी करपलेली डाळ खाल्ली आणि वर म्हणाले, छान झालीय.

९ जानेवारी, गुरुवार

अंजलीचा डावा पाय जरा भरून आलाय. शीर धरली असेल. तेल वाढवलं, आता दोन वेळा चोळते. अंगात कणकणही आहे, दूध भरताना येते तशी. टाक्यांच्या एका टोकाला ओल दिसली, थोडा वास येतो. हळद दाबली.

यांनी विचारलं, "मॅडमला फोन करू का?"

मी म्हटलं, "तुम्ही कधी बाळंत झाला होता?"

गेले पेपर घेऊन बाहेर.

पोरीचं एक नवल सांगते. एवढ्याशा बाळाची नजर ठरत नाही म्हणतात. हिची ठरते. मांडीवर घेतली की मान वळवून आईच्या पायांकडे बघत राहते, डाव्याच. बघताना रडायची थांबते. मी वरून चादर घातली तरी तिकडेच बघते. साळूबाई म्हणाली, काही नाही, चादरीचा रंग आवडला असेल. असेल. चादर पांढरी आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

संक्रांतीचे पतंग सुरू झाले. खिडकीसमोरच्या तारेवर एक पारवा मांज्यात अडकलाय. पंख फडकवतो तसतसा आणखी गुंडाळला जातो. यांनी काठी बांधून पाहिली, पोचत नाही. अंजलीच्या बाजेवरून तो नेमका समोर दिसतो. पडदा ओढते म्हटलं तर म्हणाली, "राहू दे आई, मी आहे त्याच्यासोबत." असं का बोलली कोण जाणे. ताप असला की माणूस असंच बोलतं.

१२ जानेवारी, रविवार

पारवा मेला. पण तार काही रिकामी राहत नाही. एक दोरा त्याला चिकटला, त्या दोऱ्याला दुसरा, मग एक फाटका पतंग, पिसं, प्लास्टिकची पिशवी. वाऱ्याने जे येईल ते तिथेच अडकतंय. आता पारवा कुठला आणि दोरा कुठला ते कळत नाही, मुठीएवढं होतं ते डोक्याएवढं झालं.

पाय मात्र उतरायचं नाव घेत नाही. मांडीपासून घोट्यापर्यंत एकसारखा, चकचकीत, उजव्याच्या दीडपट. बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. साळूबाई बघून म्हणाली, "लय फुगलाय गं. दूध खाली उतरलं का काय?" मी म्हटलं, दूध छातीत उतरतं साळूबाई, पायात नाही, एवढं तर चौथी पास बाईलाही कळतं. दोघी हसलो.

अंजली हसली नाही. म्हणाली, "आई, आत कुणीतरी सूत भरतंय. आधी पोटरीत भरलं, आता वर आलंय."

मला एकदम नवसा आठवली. नवसा माझी थोरली बहीण. लासलगावकडच्या आमच्या गावात पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. मी सात-आठ वर्षांची असेन. तिचाही एक पाय असाच चकचकीत झाला होता, त्यात खिडकीचा उजेड दिसायचा. आई रोज चोळायची. मग एका सकाळी भाकरी खाता खाता नवसा म्हणाली, "माझ्या उरावर कोण बसलंय, त्याला उठवा," आणि तशीच मागे टेकली. सगळे म्हणाले, बाहेरचं होतं. तेव्हा आमच्याकडे बाहेरचंच असायचं सगळं.

उगाच कुठलं कुठे आठवतं. ही गोष्ट मी अंजलीला कधी सांगितलेली नाही. बाळंतिणीच्या घरात असलं बोलत नाहीत.

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ केला. पोरीला काळं झबलं घातलं, तीट लावली, रवींनी पंचवीसेक फोटो काढले आणि सगळ्यांत माझा हात आला.

आज माझ्या हातांनी काम केलं म्हणायचं. चोळताना गुडघ्यामागे दोरी लागली. चांगली जाड, कडक, आतल्या अंगाने मांडीत वर गेलेली. हीच ती धरलेली शीर. मग मी सोडते होय? अंगठा लावला आणि वर वर रेटत नेली. अंजली दाताखाली पदर धरून पडली होती. जांघेपाशी येऊन काहीतरी बोटाखालून निसटलं, बोरीची बी चिमटीतून निसटते तसं, आणि दोरी मऊ लागली.

संध्याकाळी म्हणाली, "पाय हलका वाटतोय गं आई."

मी सगळ्या कॉलनीत तिळगूळ वाटला. साळूबाईला म्हटलं, हातांना डोळे आहेत म्हणतेस ना, आज बघितलं त्यांनी.

१६ जानेवारी, गुरुवार

दवाखान्यात आहे. डायरी पिशवीत आपोआप आली, टॉवेलमध्ये.

काल सकाळी अंजली पेज पीत होती. वाटी खाली ठेवली, नीट ठेवली, सांडली नाही. आणि माझ्या खांद्यावरून वर बघत म्हणाली, "आई, माझ्या उरावर कोण बसलंय, त्याला उठव ना."

तेच शब्द.

तिथे कुणी नव्हतं. पण ती जिकडे बघत होती तिकडे मी बघितलं, बघावंच लागलं, इतकी ती ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले. श्वास घ्यायची, पण आत काही जात नव्हतं. पोरगी माझ्या मांडीवर होती, ती हूं की चूं नाही.

रवींनी अंजलीला उचलून गाडीत घातलं. द्वारका चौकात सगळं ठप्प. पुढे कांद्याचा ट्रक आडवा, मागे बस. हे गाडीतून उतरले आणि हातात टोपी घेऊन चौकात उभे राहिले. जन्मात कुणाला अरे म्हटलं नाही, ते गाड्यांच्या बॉनेटवर थापा मारत होते. मी अंजलीचा हात धरून एवढंच म्हणत होते, जा म्हण त्याला, जा म्हण. नवसाला असं म्हणायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगत होते. आमच्यात हे मानत नाहीत. काल मी मानलं.

आयसीयूत आहे. जगली तर पोरीचं नशीब, नाही तर काय लिहू.

१८ जानेवारी, शनिवार

मॅडम बाकड्यापाशी आल्या. आम्ही तिघं होतो. हातात कागद, हळू आवाजात विचारलं, "पाय कुणी चोळला होता का?"

हे म्हणाले, "थोडं तेल लावलं असेल, बाळंतपणात लावतात तसं..."

मी म्हटलं, "थोडं नाही. मी चोळला, रोज दोन वेळा. संक्रांतीला मांडीत दोरी लागली हाताला, ती सोडवली."

मॅडमचं पेन थांबलं. रवी उठले आणि पाण्याची बाटली भरायला गेले. बाटली भरलेलीच होती.

मॅडम रागावतील असं वाटलं. त्या बाकड्यावर बसल्या. म्हणाल्या, "ती दोरी म्हणजे शिरेत गोठलेलं रक्त होतं, आजी. तिचा तुकडा सुटून फुफ्फुसात गेला."

मग माझं तोंड, ते काय गप्प बसतंय. मी विचारलं, "जखम पोटाला, रक्त पायात का गोठलं?"

म्हणाल्या, "टाक्यातून जंतू आत शिरले. रक्तात तांबड्या पेशी असतात तशा पांढऱ्याही असतात, त्या म्हणजे राखण करणाऱ्या. जंतू आले की धावून जातात. काही त्यांना गिळतात. काही स्वतःला फाडून घेतात."

"फाडून म्हणजे?"

"पेशीच्या गाभ्यात एक लांबच लांब धागा गुंडाळून ठेवलेला असतो. तो उकलून बाहेर फेकतात. चिकट, जाळ्यासारखा. जंतू त्यात अडकतात."

"आणि ती पेशी?"

"ती बहुतेकदा मरते. जाळं मागे राहतं. मग रक्तातलं बाकीचंही त्यात अडकत जातं, गुठळी करणाऱ्या बारीक चकत्या, तांबड्या पेशी, सगळंच. बाळंतपणानंतर रक्त तसंही लवकर गोठतं. त्यात माणूस नुसतं पडून असेल, पाणी कमी पीत असेल, तर शीर भरत जाते."

मला तारेवरचा पारवा दिसला. सांगितलं त्यांना. मॅडम म्हणाल्या, "हो, अगदी तसंच." मला वाटलं होतं नाही म्हणतील.

मी विचारलं, "मग या पांढऱ्या आपल्या का परक्या?"

"आपल्याच."

"आपल्याच, तर आपल्याच लेकराचा गळा का आवळतात?"

"त्यांना जंतू दिसतो आजी. लेकरू दिसत नाही."

हे माझ्याकडे बघत होते.

जाता जाता मी विचारलं, तो धागा कसला असतो. मॅडम म्हणाल्या, वंशाचा. नाक कुणासारखं, डोळे कुणासारखे, सगळं त्यातच असतं, निम्मा बापाकडून येतो, निम्मा आईकडून.

त्या गेल्यावर मी बसून राहिले. म्हणजे जे जाळं अंजलीच्या पायात विणलं गेलं, त्यातलं निम्मं सूत माझं. मला माझ्या आईचं. नवसाच्या पायातही तेच. बाहेरचं काही नव्हतंच. उरावर बसायला बाहेरून कुणी आलं नव्हतं, सगळं घरचं होतं. हे कळल्यावर भीती जायला हवी होती. ती उलट जवळ येऊन बसली.

२० जानेवारी, सोमवार

अंजलीने डोळे उघडले. पहिलं काय म्हणाली, तर "आई, पाणी." नर्सने ग्लास दिला. मी तो धरला नाही, माझा हात पुढे जाईना. ती पूर्ण ग्लास प्याली, मग दुसरा. मी दाराशी उभी राहून घोट मोजल्यासारखी बघत होते, आणि प्रत्येक घोटाला मला वाटत होतं, हा मी अडवला होता.

रवी माझ्याशी बोलतात, चहा आणून देतात. "आई, खाऊन घ्या," म्हणतात. पण पोरीला माझ्याकडे देताना आता आधी क्षणभर थांबतात. थांबू देत. मीही थांबले असते.

२ फेब्रुवारी, रविवार

घरी आणली. पाय अजून उजव्याहून जाड आहे, त्याच्यावर घट्ट लांब मोजा. रोज पोटात इंजेक्शन द्यायचं, रक्त पातळ राहायला, पुढचे काही महिने. नर्सने विचारलं, घरात कोण देईल. रवी म्हणाले मी. मग तिने सुई काढली आणि रवी पांढरे पडले, भिंत धरून खाली बसले. हे तर आधीच बाहेर गेले होते.

अंजली म्हणाली, "आईला शिकवा."

मी म्हटलं, "नको गं. माझे हात नको."

"तुझेच," ती म्हणाली. "सांगितलं तेवढंच करायचं. जास्त नाही."

शिकले. चिमटीत कातडी धरायची, सुई सरळ, औषध हळू, आणि नंतर चोळायचं नाही. हे शेवटचं नर्सने दोनदा सांगितलं. मी तिच्याकडून तिसऱ्यांदा सांगून घेतलं.

पोरगी आता हसते. झोपेत नाही, जागेपणी, माझ्याकडे बघून. खरं लिहायचं तर एवढं सगळं होऊनही त्या हसण्याने माझ्या मनात लाडू फुटतात. लाज वाटते आणि फुटतात. तिचं नाव आरोही ठेवलंय. रवींनी ठेवलं, वर जाणारी असा अर्थ म्हणे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तपासणी झाली. मॅडमना विचारलं, इंजेक्शनने ते जाळं विरघळलं का.

म्हणाल्या, "इंजेक्शन विरघळवत नाही. नवीन होऊ देत नाही एवढंच. आहे ते शरीर स्वतः हळूहळू साफ करतं. थोडं कायमचंही राहू शकतं."

"म्हणजे अजून आत आहे?"

"आहे."

"आणि साफ कोण करतं?"

"त्यातही पांढऱ्या पेशी आल्याच."

विणणाऱ्या त्याच आणि उसवणाऱ्याही त्याच. रिक्षात मी अंजलीच्या डाव्या बाजूला बसले आणि घरापर्यंत माझा पाय तिच्या पायाला लागू दिला नाही.

साळूबाई निरोप घेऊन आली होती, तिची भाची बाळंत झालीय, चोळायला ये. मी म्हटलं, "येते. पण तेल आणायचं नाही. तिला चालवायची आणि माझ्यादेखत तांब्याभर पाणी पाजायचं." साळूबाई म्हणाली, "अगं, मग तू कशाला यायची?" म्हटलं, बघायला.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी आरोही झोपली. अंजली घरातल्या घरात दहा येरझाऱ्या घालून बाजेवर बसली, मोजा काढला आणि पाय माझ्याकडे केला. मी दोन्ही हात मागे बांधून उभी राहिले.

"आई, हात ठेव ना."

"नाही गं."

"चोळू नको. नुसता ठेव."

"नको म्हटलं ना."

"त्या पायाला तू हात लावत नाहीस म्हणून तो मला माझा वाटत नाही आता."

ठेवला. तेल नाही, दाब नाही, ओझंसुद्धा पडू नये म्हणून कोपर दुसऱ्या हाताने वर धरून. कातडी कोमट होती. खाली काहीतरी अगदी बारीक ठोकत होतं. तिची नाडी असेल, नाहीतर माझीच बोटात आलेली. अंजलीने डोळे मिटले.

"काय करतायत त्या पांढऱ्या आत?" तिने विचारलं.

"उसवतायत," मी म्हटलं.

"कळतंय तुला?"

कळत नव्हतं. या हातांना कधीच डोळे नव्हते. पण ती झोपत आली होती, म्हणून मी हो म्हटलं, आणि ती झोपल्यावरही हात हलवला नाही.